शांत गेम : भटकंती, शोध आणि सौम्य कोडी – वारंवार विचारले जाणारे प्रश्न

मराठवाड्यात ‘गेम’ म्हटले की बहुतेक घरांत आधी काळजीचा सूर लागतो, कारण डोळ्यांसमोर बंदुकांचे आवाज, रात्रभर चालणारे सामने किंवा पैसे लावून खेळायची रमी येते. या पानावर ज्या गेमविषयी लिहिले आहे त्यांची जात वेगळी आहे. छत्रपती संभाजीनगरपासून धाराशिवपर्यंतचे वाचक जे प्रश्न पुन्हा पुन्हा विचारतात त्यांची उत्तरे येथे एकत्र दिली आहेत. जेथे दोन वाक्यांत भागते तेथे दोनच वाक्ये लिहिली आहेत.

हे गेम नेमके कसे असतात?

एखादी जागा दिलेली असते, तिच्यात हवे तसे हिंडायचे असते आणि हिंडता हिंडता जे अडथळे येतात ते बोटांच्या चपळाईऐवजी निरीक्षणाने दूर करायचे असतात. उलटे मोजणारे घड्याळ नसते, मागे कोणी लागलेले नसते आणि चूक झाली म्हणून सगळे पहिल्यापासून सुरू करावे लागत नाही.

लंडनच्या असटू गेम्स या स्टुडिओने २०१४ मध्ये काढलेला ‘मॉन्युमेंट व्हॅली’ हा या प्रकाराचा सर्वांत सोपा परिचय आहे. इडा नावाच्या छोट्या राजकन्येला मनोऱ्यांच्या आणि जिन्यांच्या विचित्र जगातून वाट काढून द्यायची असते. दोन जिने प्रत्यक्षात एकमेकांपासून दूर असले, तरी मनोरा फिरवल्यावर ज्या कोनातून ते जोडलेले दिसतात त्या कोनात ते खरोखरच जोडले जातात आणि इडा त्यांवरून निर्धास्त चालत जाते. कावळ्यांसारखी दिसणारी माणसे तिच्या आडवी येतात, कर्कश ओरडतात, वाट अडवून ठेवतात, पण तिला इजा करीत नाहीत. एकूण दहा प्रकरणे आहेत आणि सवडीने खेळणाऱ्यालाही ती एक-दोन संध्याकाळी पुरतात.

हा प्रकार नवा नाही. अमेरिकेतील रँड आणि रॉबिन मिलर या भावांनी १९९३ मध्ये ‘मिस्ट’ नावाचा गेम काढला होता, ज्यात खेळणारा एका ओस पडलेल्या बेटावर एकटाच उतरतो आणि तेथील यंत्रे, पुस्तके व खुणा पाहून आधी काय घडले असावे याचा उलगडा करतो. मारामारीचा लवलेश नसलेला हा गेम पुढे अनेक वर्षे संगणकावरील सर्वाधिक खपाचा गेम राहिला.

कोडे म्हटले की डोक्याला ताप आलाच. मग त्यात निवांतपणा कुठला?

देवगिरीचा किल्ला ज्यांनी पाहिला आहे त्यांना तेथील अंधारी आठवत असेल. कातळातून वर चढत जाणारा, मध्येच वळणारा तो काळोखा बोगदा म्हणजेही एक कोडेच आहे, परंतु ते रचणाऱ्याची इच्छा अशी होती की आत शिरलेला माणूस गोंधळावा, चुकीच्या बाजूला वळावा आणि बाहेर पडूच नये. शांत गेममधील कोडे रचणाऱ्याची इच्छा याच्या बरोबर उलट असते. आपण बाहेर पडावे, आणि तेही स्वतःच्या बुद्धीने पडलो असे आपल्याला वाटावे, यासाठी तो वाटेवर काळजीपूर्वक खुणा पेरून ठेवतो.

हे कसब ज्यांना बारकाईने पाहायचे असेल त्यांनी जोनाथन ब्लो यांच्या ‘द विटनेस’ (२०१६) या गेमची पहिली दहा मिनिटे पाहावीत. पहिल्या फलकावर फक्त एक सरळ रेघ ओढायची असते. दुसऱ्यावर तीच रेघ एकदा वळवायची असते. त्यानंतर पाचशेहून अधिक फलक येतात, नियम वाढत जातात, परंतु कोणताही नियम शब्दांत सांगितला जात नाही, कारण प्रत्येक नियमाआधी त्याची सोपी ओळख करून देणारे दोन-तीन फलक ठेवलेले असतात. (पुढे हा गेम चांगलाच कठीण होतो. त्याला सौम्य म्हणता येणार नाही, आणि नवख्याने त्याच्यापासून सुरुवात करू नये.)

म्हणून एखादा गेम निवांत आहे की नाही हे ठरवताना कोड्याची काठिण्यपातळी पाहू नये. दोनच गोष्टी पाहाव्यात : आपण चुकल्यावर गेम काय करतो, आणि आपण मध्येच उठून गेल्यावर गेम काय करतो. चुकल्यावर जो गेम शिक्षा न करता थांबून राहतो आणि उठून गेल्यावर जो आपल्यामागे सूचनांचा ससेमिरा लावत नाही, तो शांत गेम समजावा. या पानावरील पुढची जवळजवळ सगळी उत्तरे याच कसोटीवर दिलेली आहेत.

प्ले स्टोअरवर ‘रिलॅक्सिंग’ असे लिहिलेले असंख्य मोफत गेम आहेत. ते का चालू नयेत?

काही चालतातही, परंतु नावावर जाऊ नये. रंगीत गोळ्या जुळवण्याच्या किंवा बाटल्यांतील पाणी वेगळे करण्याच्या अनेक मोफत गेममध्ये पहिली काही कोडी मुद्दाम इतकी सोपी ठेवलेली असतात की आपण गुंततो. त्यानंतर दर दोन कोड्यांमागे जाहिरात सुरू होते, चुकलो की ‘लाइफ’ कमी होते, ती संपली की अर्धा तास थांबा किंवा पैसे भरा असा पर्याय येतो, आणि एक दिवस खेळलो नाही तर ‘तुमची साखळी तुटली’ अशी सूचना फोनवर झळकते. वर दिलेल्या दोन्ही कसोट्यांवर असा गेम नापास होतो. संगीत कितीही मंद असो आणि पार्श्वभूमीला कितीही सुंदर धबधबा असो, त्याची सगळी रचना आपल्याला अस्वस्थ ठेवण्यासाठी केलेली असते.

एकदाच पैसे देऊन विकत घेतलेल्या गेमला आपल्याला रोज परत बोलावण्याची गरज उरत नाही. व्यवहार तेथेच पूर्ण झालेला असतो, आणि हा फरक रचनेत पावलोपावली जाणवतो.

सुरुवात कोणत्या गेमने करावी?

फोनवर खेळायचे असेल तर ‘मॉन्युमेंट व्हॅली’, आणि तो आवडल्यास २०१७ मधील त्याचा दुसरा भाग, ज्यात आई आणि तिची लहान मुलगी एकत्र प्रवास करतात.

लॅपटॉप किंवा संगणक असेल तर ‘अ शॉर्ट हाइक’ (२०१९). ॲडम रॉबिन्सन-यू यांनी केलेल्या या छोट्या गेममध्ये क्लेअर नावाचा पक्षी सुटीत एका डोंगराळ बेटावर आलेला असतो. तेथे फोनला रेंज नसते आणि तिला एका महत्त्वाच्या फोनची वाट पाहायची असते, म्हणून ती शिखराकडे निघते. (रेंजसाठी गच्चीवर किंवा टेकाडावर चढण्याचा अनुभव आपल्याकडील वाड्या-तांड्यांवरच्या वाचकांना समजावून सांगण्याची गरज नाही.) वाटेत सोनेरी पिसे मिळतात आणि जितकी पिसे जास्त तितके उंच चढता येते. शिखराकडे सरळ जावे, मध्येच कोणाला हरवलेली वस्तू शोधून द्यावी, की मासे पकडत बसावे, हे सर्वस्वी आपल्यावर सोडलेले आहे. खेळ दोनेक तासांत संपतो, तरी संपल्यावर बेटावर पुन्हा हिंडावेसे वाटते.

तिसरे नाव ‘अनपॅकिंग’ (२०२१). ऑस्ट्रेलियातील विच बीम या स्टुडिओच्या या गेममध्ये करायचे एवढेच की घर बदलल्यावर खोक्यांतील सामान काढून जागेवर लावायचे. १९९७ पासून २०१८ पर्यंत एकाच स्त्रीचे घर आपण आठ वेळा लावतो. ती आपल्याला कधीच दिसत नाही, तिच्याविषयी फारसे सांगितलेही जात नाही, परंतु कोणती वस्तू प्रत्येक घरात सोबत आली, कोणती मागे राहिली आणि कोणती नव्याने आली यावरून तिचे सगळे आयुष्य कळत जाते. २०१० च्या घरात ती जोडीदाराकडे राहायला गेलेली असते, आणि तिचे पदवी प्रमाणपत्र लावायला तेथे भिंतीवर जागाच सापडत नाही. शेवटी ते पलंगाखाली सरकवावे लागते, तेव्हाच कोडे सुटते. लग्नानंतर किंवा बदलीनंतर दुसऱ्याच्या घरात आपल्या वस्तूंना कोपरा शोधणाऱ्या कोणालाही हा प्रसंग समजेल. शब्दांवाचून इतके सांगणारी दुसरी जागा कोणत्याही गेममध्ये सहजासहजी आढळणार नाही. हा गेम संगणकाप्रमाणे फोनवरही खेळता येतो.

आईला किंवा सासऱ्यांना खेळायचे आहे, पण इंग्रजी येत नाही. काय करावे?

यांपैकी फारच थोडे गेम भारतीय भाषांत आहेत आणि मराठीत तर जवळजवळ नाहीतच, परंतु या प्रकारात असे कितीतरी चांगले गेम आहेत ज्यांना भाषाच लागत नाही. चेक प्रजासत्ताकातील अमानिता डिझाइन या स्टुडिओचा ‘मशिनेरियम’ (२००९) हा त्यांतील सर्वांत विश्वासार्ह. भंगारात फेकला गेलेला एक छोटा यंत्रमानव आपल्या शहरात परततो. पात्रे एकमेकांशी बोलतात ती डोक्यावरच्या फुग्यांतील हलत्या चित्रांतून. अडल्यास आतच एक चित्रमय मदत-वही मिळते, फक्त ती उघडण्यासाठी आधी एक लहानसा खेळ खेळावा लागतो, म्हणजे उठसूट उत्तर पाहण्याचा मोह होत नाही.

‘गोरोगोआ’ (२०१७) हा जेसन रॉबर्ट्स यांनी स्वतःच्या हाताने चितारलेला गेम चार चौकटींत चालतो. एका चौकटीतील खिडकी उचलून दुसऱ्या चौकटीतील चित्रावर ठेवली की तिसरेच दृश्य तयार होते. त्यात एकही शब्द नाही. चित्रकलेची आवड असलेल्या ज्येष्ठांना तो विशेष आवडतो; मात्र अधूनमधून तो बुचकळ्यात टाकतो, तेव्हा सोबत कोणीतरी बसावे हे बरे.

ज्येष्ठांना शिकवताना फोन आपल्या हातात घेऊ नये. त्यांचे बोट चुकीच्या ठिकाणी पडू द्यावे. या गेममध्ये चुकल्याने काही बिघडत नाही, ही गोष्ट त्यांना पहिल्या पाच मिनिटांत स्वतः अनुभवता आली की पुढे समजावण्यासारखे फार उरत नाही.

फोन साधा आहे, लॅपटॉप जुना आहे आणि उन्हाळ्यात लाइट जाते. तरी जमेल का?

जमेल, किंबहुना याच प्रकारच्या गेमना या अडचणी सर्वांत कमी भोवतात. मॉन्युमेंट व्हॅली, मशिनेरियम आणि गोरोगोआ एकदा उतरवून घेतले की इंटरनेटशिवाय चालतात, त्यामुळे रोजचा डेटा संपल्यावरही खेळता येते. मे महिन्यात फोन तापतो तेव्हा चमक कमी ठेवावी, चार्जिंगला लावून खेळू नये आणि गेम बंद करून फोनला थोडी उसंत द्यावी.

संगणक इन्व्हर्टरवर नसेल तर लाइट गेल्यावर शेवटच्या नोंदीपासून पुढे खेळावे लागेल. यांतील बहुतेक गेम आपोआप आणि वारंवार प्रगती साठवतात, म्हणून नुकसान काही मिनिटांचेच होते. संगणकावरील गेम विकत घेण्याआधी त्याच्या पानावर दिलेल्या किमान गरजा वाचाव्यात. रॅम किती आणि ग्राफिक्स कार्ड लागते का, एवढे पाहिले तरी पुरे.

पैसे कसे द्यावे लागतात? आवडला नाही तर?

प्ले स्टोअरवर यूपीआयने पैसे देता येतात. खरेदीनंतर ४८ तासांच्या आत तेथे परताव्याची विनंती करता येते. संगणकावरील स्टीम या दुकानात नियम असा की खरेदीला १४ दिवस झालेले नसावेत आणि गेम दोन तासांपेक्षा कमी खेळलेला असावा. आता यातील बरेच गेम मुळातच दीड-दोन तासांचे असतात, त्यामुळे पूर्ण खेळून पैसे परत मागणे नियमात बसू शकते. तसे करू नये. यांतील कित्येक गेम एकट्यादुकट्या माणसाने वर्षानुवर्षे खपून केलेले असतात.

घाई नसेल तर थांबावे. स्टीमवर वर्षातून अनेकदा मोठी सवलत असते. प्ले पास ही गूगलची मासिक वर्गणीही २०२२ पासून भारतात उपलब्ध असून तिच्यातील गेममध्ये जाहिराती नसतात.

यात पैसे लावण्याचा प्रकार तर नाही ना?

नाही. पैसे लावून खेळायच्या ऑनलाइन गेमवर संसदेने ऑगस्ट २०२५ मध्ये संमत केलेल्या कायद्याने देशभर बंदी घातली आहे आणि या पानावरील एकाही गेमचा त्या प्रकाराशी संबंध नाही.

मुलगा लातूरला नीटची तयारी करतो. त्याने असा गेम खेळला तर अभ्यासाचे नुकसान होईल का?

हा प्रश्न सर्वाधिक वेळा येतो आणि त्याचे प्रामाणिक उत्तर गेमपेक्षा त्याच्या शेवटावर अवलंबून आहे. ज्या गेमला शेवट आहे आणि ज्याची प्रकरणे लहान आहेत तो हाताळता येतो : रविवारी चाचणी झाल्यावर एक प्रकरण, मग फोन बाजूला. ज्याला शेवटच नाही तो गेम, मग तो कितीही शांत असो, दोन तास कसे गेले हे कळू देत नाही. ‘स्टारड्यू व्हॅली’ (२०१६) हा शेतीचा गेम सुंदर आहे, त्यात पेरणी आहे, पाऊस आहे, गावातली माणसे आहेत. पण त्याचा प्रत्येक दिवस संपताना ‘आणखी एक दिवस’ असे वाटतेच. परीक्षेच्या वर्षात तो टाळावा.

सकाळपासून रात्रीपर्यंत प्रश्नसंच सोडवणाऱ्या मुलाला विश्रांती म्हणून पुन्हा कोडीच नको असतील, हेही लक्षात घ्यावे. त्याला झोप हवी असेल, कट्ट्यावर जायचे असेल, तर तेच योग्य. गेम औषधासारखा देऊ नये.

अशा गेमने मनाला बरे वाटते हे शास्त्रीयदृष्ट्या सिद्ध झाले आहे का?

जाहिरातीत सांगतात तितके नाही. ऑक्सफर्ड विद्यापीठातील संशोधकांनी २०२० मध्ये दोन गेमच्या ३,२७४ खेळाडूंची पाहणी केली. त्यांपैकी एक ‘ॲनिमल क्रॉसिंग’ हा बेटावर घर थाटण्याचा शांत गेम होता. खेळाडूंनी स्वतः सांगितलेल्या तासांऐवजी कंपन्यांकडील प्रत्यक्ष नोंदी वापरणे हे त्या पाहणीचे वैशिष्ट्य होते, आणि तीत खेळण्याचा वेळ व समाधान यांत किंचित अनुकूल संबंध दिसला. त्याच गटाने २०२२ मध्ये सात गेमच्या सुमारे ३९ हजार खेळाडूंवर मोठा अभ्यास केला, तेव्हा वेळेचा समाधानावर परिणाम जवळजवळ नसल्यासारखाच आढळला. म्हणजे किती तास खेळलो यावरून काही निष्कर्ष निघत नाही. आपण मनापासून खेळतो की टाळता येत नाही म्हणून खेळतो, हे मात्र महत्त्वाचे ठरते.

दुसऱ्या बाजूने, जागतिक आरोग्य संघटनेने आयसीडी-११ या आजारांच्या यादीत ‘गेमिंग डिसऑर्डर’ची नोंद केली असून ती यादी १ जानेवारी २०२२ पासून लागू आहे. खेळण्यावर ताबा न राहणे, इतर कामांपेक्षा खेळाला प्राधान्य देणे आणि नुकसान होत असूनही खेळत राहणे ही लक्षणे साधारणतः बारा महिने दिसली तर तो विकार मानला जातो. उदासी किंवा चिंता सतत राहत असेल तर गेम हा उपाय नव्हे. केंद्र सरकारच्या टेलिमानस या मोफत सेवेचा क्रमांक १४४१६ आहे आणि तेथे मराठीत बोलता येते.

लहान मुलांसोबत खेळण्यासारखे काय आहे?

‘हिडन फोक्स’ (२०१७). हाताने काढलेल्या काळ्या-पांढऱ्या गर्दीच्या चित्रांत माणसे, प्राणी आणि वस्तू शोधायच्या, आणि कशालाही बोट लावले की येणारा आवाज निर्मात्यांनी स्वतःच्या तोंडाने काढलेला. आजोबा आणि नात एकाच पडद्यावर तासभर रमू शकतात. ज्यांच्याकडे संगणक आहे त्यांनी ‘अल्बा’ (२०२०) पाहावा; त्यात एक मुलगी भूमध्य समुद्रातील बेटावर पक्षी-प्राण्यांची छायाचित्रे काढत तेथील अभयारण्य वाचवण्यासाठी धडपडते. जायकवाडीच्या जलाशयावर पक्षी पाहायला जाणाऱ्या मुलांना तो आपलासा वाटेल.

‘स्काय : चिल्ड्रन ऑफ द लाइट’ हा गेम मोफत आणि देखणा आहे, पण त्यात अनोळखी लोक भेटतात, आत खरेदीचे पर्याय असतात आणि इंटरनेट सतत लागते. लहान मुलांना तो एकट्याने देऊ नये.

कोड्यात अडकल्यावर उत्तर पाहिले तर चालते का?

चालते. आधी एकदा झोपून उठावे. सकाळी उत्तर आपोआप सुचणे हा या प्रकारातील सर्वांत मोठा आनंद आहे. त्यानंतरही नाही सुचले तर खुशाल पाहावे, कारण येथे परीक्षक कोणी नाही.

खेळताना गरगरते, मळमळते.

स्वतःच्या डोळ्यांतून पाहिल्यासारखे दृश्य असलेल्या गेममध्ये काहींना असे होते. खोलीत दिवा लावावा, पडद्यापासून दूर बसावे, सेटिंगमध्ये दृश्याची रुंदी वाढवावी आणि कॅमेऱ्याची हालचाल कमी करावी. तरीही त्रास झाला तर मॉन्युमेंट व्हॅलीसारखे वरून दिसणारे गेमच खेळावेत.

आपल्याकडच्या वातावरणावर बेतलेले असे गेम आहेत का?

भारतीय विषयांचे काही उल्लेखनीय गेम आहेत. ‘वेण्बा’ (२०२३) मध्ये कॅनडात स्थायिक झालेली एक तमिळ आई फाटलेल्या पाकवहीतील अर्धवट कृती जुळवून इडली-पुट्टू रांधते, आणि तेच कोडे असते; खेळ दीड तासाचा आहे आणि खेळणाऱ्याला भूक लागते. पुण्यातील नॉडिंग हेड्स गेम्सचा ‘राजी’ (२०२०) देखणा आहे, परंतु त्यात लढाई भरपूर असल्याने तो या पानाच्या कक्षेत येत नाही.

मराठवाड्याचे म्हणाल तर अशा गेमसाठी लागणाऱ्या जागांची वाण मुळीच नाही. परभणी जिल्ह्यात सेलू तालुक्यातील वालूरची बारव पाहावी : पायऱ्या सरळ खाली न उतरता चक्राकार फिरत पाण्यापर्यंत जातात, म्हणजे मॉन्युमेंट व्हॅलीचे एक प्रकरण दगडात आधीच बांधून ठेवले आहे. नळदुर्गला किल्ल्याच्या आत बंधारा आहे आणि बंधाऱ्याच्या पोटात पाणीमहाल, जेथे पावसाळ्यात माथ्यावरून पाणी कोसळत असताना आतला माणूस कोरडा राहतो. वेरूळचे कैलास लेणे कळसापासून खाली कोरत आणले आहे. पाणी कोठून येते, कोठे अडते, वाट कोठे उघडते, असे प्रश्न विचारणाऱ्या गेमसाठी याहून चांगल्या जागा शोधूनही सापडणार नाहीत. संभाजीनगर, नांदेड, लातूर येथे संगणकशास्त्र शिकणाऱ्या विद्यार्थ्यांनी शेवटच्या वर्षाचा प्रकल्प म्हणून हजेरीपटाचे सॉफ्टवेअर पुन्हा एकदा करण्याऐवजी एका बारवेचा नकाशा घ्यावा. ‘गोडो’ हे गेम बनवण्याचे सॉफ्टवेअर पूर्णतः मोफत आहे, साध्या लॅपटॉपवर चालते, आणि एका बारवेएवढी छोटी जागा दोन-तीन जणांना एका सत्रात नक्की उभी करता येते.

फोन बदलला तर झालेली प्रगती राहते का?

गेमनुसार फरक पडतो. गूगल खात्याशी जोडलेल्या गेमची प्रगती बहुधा नव्या फोनवर येते, काहींची येत नाही. विकत घेतलेला गेम मात्र त्याच खात्यावर पुन्हा पैसे न देता उतरवता येतो. जुना फोन विकण्यापूर्वी नव्या फोनवर गेम एकदा उघडून पाहावा आणि मगच जुना पुसून टाकावा.